कावळ्याला सांगायचे का?

ठाकुर्लीलाही वसंत ऋतू येतो, यावर बाहेरच्या माणसाचा सहसा विश्वास बसत नाही. डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये अंग चोरून बसलेले हे स्टेशन. इथे फक्त धीम्या लोकल थांबतात; जलद गाड्या आमच्या डोळ्यांदेखत निघून जातात. पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्हीही 'डोंबिवलीच्या पुढचे स्टेशन' असेच सांगतो. रेल्वेचे चोळा वीजगृह बंद पडून कित्येक वर्षे झाली, त्याच्या आसपास इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या. तरीही फेब्रुवारी सरता सरता आमच्या गॅलरीसमोरच्या जंगली बदामाची पाने लाल होऊन गळतात आणि पंधरा-वीस दिवसांत त्याच फांद्यांवर अशी पालवी फुटते की वाळत घातलेले कपडे काढायला गेलेले माणूस दोन मिनिटे तिथेच उभे राहावे. पहाटे साडेचारला कोकीळ सुरू होतो. गेली काही वर्षे रमजानही याच दिवसांच्या आसपास येतो आहे, त्यामुळे सहरीला उठलेल्या आमच्या घराला अजानच्या आधी त्याचीच हाक ऐकू येते.

शिक्षकाच्या घरी मात्र वसंत म्हणजे परीक्षा. आम्ही कल्याणच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मार्च-एप्रिलमध्ये घरात पुस्तकांपेक्षा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जास्त असतात. दिवसभर आम्ही मुलांना प्रश्न विचारायचे आणि संध्याकाळी घरी आले की आमच्या चिरंजीवांनी आम्हाला प्रश्न विचारायचे, असा या दिवसांचा क्रम. चिरंजीव सात वर्षांचे आहेत. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत 'कोणतेही पाच सोडवा' अशी सवलत नसते.

चंद्र लोकलबरोबर का धावतो? पालीला छतावरून पडण्याची भीती वाटत नाही का? रमजान दरवर्षी लवकर का येतो? या शेवटच्या प्रश्नासाठी आम्ही दोन कॅलेंडरे शेजारी शेजारी टांगली. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, सूर्याचे वर्ष 365 दिवसांचे. म्हणून आपले महिने दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि साधारण तेहेतीस वर्षांत साऱ्या ऋतूंमधून फिरून येतात. हे सांगता सांगता आम्हालाच एक गंमत सापडली. रबी-उल-अव्वल या नावातल्या 'रबी' शब्दाचा अर्थच वसंत. तो महिना आता कधी पावसात येतो, कधी थंडीत. पण तोच शब्द मराठी शेतकऱ्याने उचलला आणि 'रब्बी' म्हणून आपल्या हंगामाला जोडून टाकला. आमच्या वर्गातली मुले 'रब्बीची पिके' पाठ करतात तेव्हा आपण अरबी बोलतो आहोत याची त्यांना कल्पना नसते, आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांनाही नसते.

असे प्रश्न सोपे असतात, म्हणजे त्यांना उत्तर असते. यंदाच्या वसंतात एक प्रश्न असा आला की त्याच्यावर घरातल्या कोणत्याच कॅलेंडरचा उपाय चालेना.

झाले असे, की एप्रिलच्या सुरुवातीला त्या बदामावर कावळ्याच्या जोडप्याने घरटे बांधायला घेतले. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे घरटे अगदी नजरेच्या पातळीवर. रेल्वेच्या आसऱ्याने राहणारे कावळे काड्यांबरोबर तारांचे तुकडेही वापरतात. आमच्या दोरीवरचा एक तारेचा हँगर त्या कामी गेला. चिरंजीवांनी पाठकोऱ्या कागदांची वही शिवून घेतली आणि त्यात रोजची हजेरी मांडली. या हजेरीत काही दिवसांनी दोन आगंतुक दिसू लागले. एक चकचकीत काळा, लाल डोळ्यांचा. कावळे त्याच्या मागे लागत आणि तो ओरडत दूर जाई. दुसरी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके असलेली. ती मात्र आवाज न करता पानांत बसून असे. हे दोघे नवरा-बायको आहेत यावर त्याचा विश्वास बसेना. मग आम्ही सांगितले: गातो तो नर, म्हणजे कोकीळ; 'कोकिळा गाते' हे आपण कवितेत म्हणतो, खरे तर तिचा आवाज निराळा, किक्-किक् असा असतो. कोकिळा घरटे बांधत नाही. नर कावळ्यांना भुलवून लांब नेतो आणि ती तेवढ्यात त्यांच्या घरट्यात अंडे घालून जाते. कावळीण ते आपले समजून उबवते. कोकिळेचे पिल्लू बहुधा आधी बाहेर येते आणि कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढते. कावळा-कावळी त्याला भरवतात, इतरांशी त्याच्यासाठी भांडतात. संस्कृतात कोकिळाला 'परभृत' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, आणि कावळ्याला म्हणतात 'परभृत्', दुसऱ्याला पोसणारा. दोन नावांत फरक फक्त एका पाय मोडण्याचा!

चिरंजीवांना व्याकरणात रस नव्हता. त्यांनी विचारले, "म्हणजे कोकिळा चोर आहे का?" मग विचारले, "कावळा वेडा आहे का?" दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारले, "अब्बा, आपण कावळ्याला सांगायचं का?"

"का रे?"

"सांगितलं तर तो पिल्लाला भरवणार नाही. नाही सांगितलं तर आपण पण कोकिळेच्या बाजूचे."

आमच्या घरात मतांना तोटा नाही. दादी सोलापूरकडची. तिने आधी आपल्या दखनीत झिडकारले, "बस रे बेटा, कित्ते सवाल करता तू!" आणि मग हजरत मुसा (अ.) व हजरत खिज्र यांची गोष्ट सांगायला घेतली. खिज्र यांनी सोबत घेताना अट घातली होती की मी जे करीन त्याबद्दल विचारायचे नाही. मुसांना राहवले नाही. त्यांनी तीनदा विचारले आणि सोबत सुटली. पैगंबराची ही गत, मग तू कोण, असा दादीचा रोख. शेजारच्या काकूंचे मत वेगळेच. त्यांच्याकडे कावळा म्हणजे पितर. त्यांना काय सांगायचे, ते सगळे जाणून असतात! गंमत म्हणजे दादीच्या लेखी कावळा हा माणसाचा उस्ताद आहे. आदमच्या एका मुलाने भावाचा खून केला आणि मृतदेहाचे काय करावे हे त्याला कळेना, तेव्हा जमीन उकरून दाखवायला कावळाच आला, हे सूरह माइदामध्ये आहे. तेव्हा एका बाजूने पूर्वज आणि दुसऱ्या बाजूने मास्तर, असा हा मातब्बर पक्षी फसतोच कसा, ही चिरंजीवांची आणखी एक अडचण झाली.

चोरीचा प्रश्न त्या मानाने लवकर निकालात निघतो. पक्ष्याला हिशेब द्यायचा नाही. आपल्याकडे त्यासाठी 'मुकल्लफ' असा नेमका शब्द आहे: ज्याच्यावर जबाबदारी टाकली आहे तो. वेडा, झोपलेला, लहान मूल हे जर त्यातून सुटतात तर कोकिळा सुटणारच. तिला चोर म्हणणे म्हणजे पावसाला उद्धट म्हणण्यासारखे. पण मुलाचा तिसरा प्रश्न कोकिळेविषयी नव्हताच. तो पाहणाऱ्याविषयी होता. कोकिळेला हिशेब नाही, कावळ्याला नाही. पण गॅलरीत उभा राहून सारे पाहणाऱ्या, जाणणाऱ्या माणसाला आहे. ज्याला ठाऊक आहे त्याने काय करायचे? आणि त्याहून अवघड: ज्या मायेचा पाया न कळण्यावर आहे, ती माया खरी का?

हा प्रश्न आम्हाला इतका लागला, त्याला एक कारण होते.

आमच्या नात्यातली एक आपा आणि दूल्हाभाई भिवंडीला असतात. लग्नाला बारा वर्षे होऊनही त्यांना मूल झाले नाही. मग त्यांनी रीतसर, कायद्याच्या मार्गाने एक मुलगी घरी आणली. तेव्हा ती काही महिन्यांची होती. आता आठ वर्षांची आहे. खानदानात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तिला ठाऊक नव्हते. तिच्यासमोर विषय निघू नये म्हणून सारे मोठे लोक इतके सावध असत की ती खोलीत आली की बोलणे मधेच थांबे. मूल कितीही लहान असले तरी बोलणे कुठे थांबते ते त्याला कळते. शब-ए-बरातच्या सुमारास आपांनी आम्हाला एकदा बाजूला घेऊन विचारले, "तुम्ही बी.एड. केलेले. मुलांचे मानसशास्त्र शिकलात. तिला सांगावे की नाही, सांगा." त्यानंतर महिना-दीड महिन्यात चिरंजीवांचा कावळा आला.

बी.एड.च्या मानसशास्त्रात मूल कोणत्या वयात काय समजू शकते याचे तक्ते आम्ही पाठ केले होते. कोणत्या वयात काय सांगणे *भाग आहे*, याचा तक्ता तिथे नव्हता.

आपांच्या सासरी या बाबतीत दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, मूल घेतलेच कशाला. आपल्यात दत्तक नसते. दुसरा म्हणे, घेतले ते सवाबचे काम, पण आता ते झाकून ठेवा. दोन्ही पक्षांना कायदा आणि दीन यांची अर्धवट आठवण होती, म्हणून त्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे.

हिंदूंसाठी 1956 चा दत्तक कायदा आहे. मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना बराच काळ 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यावरच भागवावे लागे. त्याने पालकत्व मिळे, आई-बाप होणे मिळत नसे. पुढे बाल न्याय कायदा 2000 साली आला, त्यात 2006 साली दुरुस्ती झाली. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2014 रोजी निर्णय दिला की कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते. कोणाचा व्यक्तिगत कायदा त्याच्या आड येत नाही. मात्र ही सोय आहे, सक्ती नाही. ज्याला आपल्या धर्माच्या रीतीने चालायचे आहे त्याने तसे चालावे. 2015 च्या नव्या बाल न्याय कायद्यातही हा मार्ग कायम राहिला. तेव्हा 'आपल्यात नसते' हे देशाच्या कायद्यापुरते खरे नाही.

दीनच्या बाजूने पाहावे तर आधी हे लक्षात घ्यावे की प्रेषित हजरत मुहम्मद (स.) स्वतः अनाथ होते. दूध पाजले हलीमांनी, सांभाळले आजोबांनी आणि मग चुलते अबू तालिब यांनी. दुसऱ्याचे मूल पोसणे याला आपल्याकडे जितका मान आहे तितका फार थोड्या कामांना असेल. मनाई आहे ती वंशाचे नाव पुसण्याला. हजरत जैद हे लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले आणि हजरत खदीजांच्या घरातून प्रेषितांकडे आले. बाप हारिसा शोधत शोधत मक्केला पोचला, मुलाला न्यायला. जैदना निवड दिली गेली आणि त्यांनी प्रेषितांजवळ राहणे पसंत केले. लोक त्यांना 'जैद बिन मुहम्मद' म्हणू लागले. पुढे सूरह अहजाबमध्ये हुकूम आला की मानलेल्या मुलांना त्यांच्या बापांच्या नावाने हाक मारा. बाप ठाऊक नसेल तर ते तुमचे दीनी भाऊ आहेत. जैद पुन्हा 'बिन हारिसा' झाले.

हा हुकूम आमच्या समाजात नेहमी 'दत्तक नाही' एवढ्याच अर्थाने सांगितला जातो. आम्हाला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नाव परत गेले, माया परत गेली नाही. कुराणात नावाने उल्लेख झालेले सहाबी एकटे जैदच. इसवी सन 629 मध्ये मुअताच्या लढाईवर फौज निघाली तेव्हा तिचे नेतृत्व त्यांच्याकडे होते आणि तिथेच ते शहीद झाले. त्यांचा मुलगा उसामा प्रेषितांना किती प्रिय होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे 'तू माझ्या पोटचा नाहीस' हे सगळ्या गावाला माहीत असूनही एक माणूस दुसऱ्यावर बापासारखी माया करू शकतो, याचा दाखला आपल्याच घरात आहे. झाकून ठेवा म्हणणारा पक्ष आणि मूल घेऊच नका म्हणणारा पक्ष, दोघेही एकाच आयतीचा आधार घेतात, आणि ती आयत तर *उघड* असण्याच्या बाजूची आहे.

शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांचे नाव कोणते लिहायचे, वारसाहक्काचे काय, मोठी झाल्यावर पडद्याचे काय, हे प्रश्न राहतातच. त्यांची उत्तरे आलिम लोकांनी द्यावीत, आम्ही शाळामास्तर. एवढे ठाऊक आहे की हयातीत हिबा करता येतो, वसीयतीने मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत देता येते. ज्याला द्यायचे आहे त्याला वाट सापडते.

आता मूळ प्रश्नाकडे. न सांगण्याच्या बाजूने जे बोलतात ते दुष्ट नसतात. दूल्हाभाई म्हणाले, "आज ती हसत-खेळत आहे. तिच्या मनात आपण होऊन काटा का घालायचा? जग घालेल तेव्हा घालेल." हे बोलणे हलके नाही. कावळ्याच्या बाबतीत चिरंजीवांचे हेच भय होते: सांगितले तर भरवणे थांबेल.

पण इथे घरट्यात आणि घरात एक मोठा फरक आहे. घरट्यात पोसणाऱ्याला ठाऊक नसते. घरात पोसणाऱ्यालाच सगळे ठाऊक असते. आपांना कुणी फसवले नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवून, कागदांवर सह्या करून ती मुलगी उचलली. त्यांची माया न कळण्यावर उभी नाही. उलट तिच्याइतकी कळून-सवरून केलेली माया आम्ही सख्ख्या आई-बापांतही कमी पाहिली. सख्ख्या मुलाची निवड कुणी करत नाही, ते येते. तेव्हा भरवणे थांबेल ही भीती इथे लागूच पडत नाही. घरात अंधारात एकच जण आहे, ते पिल्लू. म्हणून 'कावळ्याला सांगायचे का' हा प्रश्न माणसांच्या घरात आणताना उलटा करून घ्यावा लागतो: पिल्लाला सांगायचे का?

पिल्लाचे तर असे आहे की त्याला एक ना एक दिवस कळणारच. कोकिळाचे पोर कितीही दिवस कावळ्याच्या घासावर वाढले तरी त्याच्या गळ्यातून काव-काव निघत नाही. माणसाच्या पोराचे गुपित गळ्यातून फुटत नसेल, पण लग्नाच्या बोलणीत फुटते, भाऊबंदांच्या भांडणात फुटते, एखाद्या नळावरच्या तोंडाळ बाईकडून फुटते. आमच्या दुर्दैवाने अशी बातमी मायेने सांगणारा माणूस उशीर करतो आणि वाईटपणाने सांगणारा वेळ चुकवत नाही.

कर्णाची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. 'मृत्युंजय' 1967 साली आले तेव्हापासून महाराष्ट्रात तो घराघरातला झाला आहे, आमच्या घरातही. लोक त्याच्या जन्माच्या अन्यायावर हळहळतात. आम्हाला शिक्षक म्हणून दुसरीच गोष्ट टोचते: त्याला सत्य *केव्हा* आणि *कुणी* सांगितले. युद्ध तोंडावर आले तेव्हा. आधी कृष्णाने, मग कुंतीने. आणि दोघांनाही त्याच्याकडून काहीतरी हवे होते. ज्या राधेने आणि अधिरथाने त्याला वाढवले, ज्यांना काहीही नको होते, त्यांच्या तोंडून ते त्याला वेळेवर आणि पुरते कळले असते तर? युद्ध टळले असते असे आम्ही म्हणत नाही. पण तो घाव त्याला सौद्याच्या टेबलावर बसला नसता. याच्या उलट हजरत मुसांची गोष्ट. आईने टोपलीत ठेवून नदीत सोडले, फिरऔनच्या महालात वाढले. बहीण काठाकाठाने मागे गेली, आणि आई दाई म्हणून परत त्याच पाळण्याशी आली. त्या मुलाच्या भोवती सुरुवातीपासून कुणीतरी खरे जाणणारे, मायेचे माणूस होते.

म्हणजे आठ वर्षांच्या मुलीला एका बैठकीत सगळे सांगून टाकावे का? तेही नाही. इथे आम्हाला आमचा धंदा उपयोगी पडला.

दुसरीच्या वर्गात वजाबाकी शिकवताना मूल विचारते, "पाचातून आठ जातात का?" पुष्कळ शिक्षक सांगतात, "जात नाहीत. लहानातून मोठी संख्या कधीच वजा होत नाही." पोरे हे पाठ करतात. सहावीत पूर्णांक संख्या येतात आणि फळ्यावर पाच वजा आठ बरोबर उणे तीन असे लिहिले जाते. तेव्हा आम्ही वर्गातल्या मुलांची तोंडे पाहिली आहेत. हुशार मुलांना गणिताचा राग येत नाही, दुसरीतल्या बाईंचा येतो. ज्या बाईंनी "आत्ता आपल्याला ते शिकायचे नाही, पुढे शिकाल" असे सांगितले असते, त्यांच्यावर कोणी रागावले नसते. दोघींनी सांगितले सारखेच थोडे. पण एकीने *कमी* सांगितले आणि दुसरीने *वेगळे* सांगितले. कमी सांगितलेल्यात पुढे भर घालता येते. वेगळे सांगितलेले आधी पाडावे लागते, आणि पाडताना त्याच्याबरोबर भिंतीचा बराच भाग येतो. 'मग आणखी काय काय खोटे होते?' हा प्रश्न मग प्रत्येक विटेला विचारला जातो.

दादीच्या खिज्रच्या गोष्टीचाही आम्हाला या उजेडात नवा अर्थ लागला. ती गोष्ट आपल्या घरांत पोरांना गप्प करण्यासाठी सांगतात, आणि शेवट सांगायचे बहुतेक वेळा राहून जाते. वेगळे होताना खिज्र यांनी तिन्ही गोष्टींचा खुलासा केला: नावेला भोक का पाडले, मुलाला का मारले, पडकी भिंत फुकट का बांधली. त्यांनी उत्तर लांबवले. उत्तर नाकारले नाही, आणि मधल्या काळात एकही खोटे कारण सांगितले नाही. आम्ही हे दादीला म्हणून दाखवले. ती तस्बीह फिरवत म्हणाली, "ते खिज्र होते. तुम्ही शाळेचे मास्तर." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मात्र दुसऱ्या दिवशी चिरंजीवांना तीच गोष्ट सांगताना तिने शेवटही सांगितला, हे आम्ही आतून ऐकले.

आपांना आम्ही एवढेच सुचवले: 'पोटची' हा शब्द तिच्यासमोर खोटेपणाने वापरू नका. तू दवाखान्यात अशी रडलीस, तशी झालीस, अशा बनावट आठवणी रचू नका. तुम्ही रचलेली प्रत्येक आठवण उद्या पुराव्यासारखी तुमच्यापुढे येईल. तिला तिची स्वतःची खरी गोष्ट द्या, तिच्या मुठीत मावेल एवढी: आम्हाला मूल नव्हते, आम्ही दुआ मागत होतो, एक दिवस आम्ही तुला आणायला गेलो. पुढचे ती विचारील तेव्हा, विचारील तेवढे. आणि खोलीत ती आली म्हणून बोलणे थांबवू नका.

दूल्हाभाईंना हे सारे पुस्तकी वाटले. "तुमचा मुलगा तुमचा आहे, म्हणून तुम्हाला सोपे आहे," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे बरोबरच होते. सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही. ज्याचे जाण्यासारखे आहे त्याने बोलायचे असते, आणि त्या रात्रीचे पहिले वाक्य कुठल्या तोंडाने काढायचे ते बी.एड.ला शिकवत नाहीत.

चिरंजीवांना काय सांगितले, हे राहिले. त्यांना आम्ही सांगितले की कावळ्याची भाषा आपल्याला येत नाही. त्यांनी लगेच विचारले, "येत असती तर?" आम्ही म्हणालो की याचा विचार आम्ही अजून करतो आहोत. आश्चर्य म्हणजे त्यांना ते चालले. सगळी उत्तरे तयार असलेल्या मोठ्या माणसांपेक्षा 'विचार करतो आहोत' म्हणणारी माणसे मुलांना जवळची वाटत असावीत; प्रश्न एकट्याचा राहत नाही. वहीत त्यांनी त्या पानावर एक कावळा काढला आहे, त्याच्या डोक्यावर मोठे प्रश्नचिन्ह. कोकिळेचे पिल्लू तोवर घरट्याच्या काठावर येऊन बसू लागले होते, रंगाने पुरते ना कावळा ना कोकीळ, आणि कावळीण त्याच्या लालसर चोचीत काहीतरी कोंबत होती.

मे महिन्याच्या सुट्टीत आपांचा फोन आला. त्यांनी मुलीला सांगितले होते. सांगितले दूल्हाभाईंनीच, गच्चीवर गादी घालून झोपताना, दिवे गेलेले असताना. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पहिला प्रश्न विचारला तो आई-बाप कोण, असा नव्हता. तिने विचारले, "मग माझा वाढदिवस खरा आहे का?"

संस्थेच्या कागदावरची तारीख अंदाजाने लिहिलेली होती. दूल्हाभाईंच्या मनात एकदा येऊन गेले की 'हो' म्हणून टाकावे, अंधारात कोणाला दिसते. त्यांनी सांगितले की तो अंदाज आहे, पक्के कुणालाच ठाऊक नाही. तू घरी आलीस ती तारीख मात्र पक्की आहे, त्या दिवशी जुम्मा होता आणि पाऊस पडत होता. तिने ती तारीख दोनदा म्हणून पाहिली. आता तिला दोन्ही दिवशी केक पाहिजे आहे. आपा विचारत होत्या की शाळेत कोणत्या दिवशी चॉकलेटे वाटायची, आणि मागून मुलीचाच आवाज आला, "दोन्ही दिवशी!"